कऱ्हाटीच्या बांधावरचा जॉइंट

कऱ्हाटीच्या बांधावरचा जॉइंट मी मारलेला आहे. हे आधी लिहून टाकतो, मग बाकीचं. कारण बाकीचं वाचता वाचता लोकांना ज्ञानबाच आवडायला लागतो, हा माझा उभ्या आयुष्याचा अनुभव आहे.

ज्ञानबा म्हणजे माझा जोडीदार. केबलच्या कामावर आम्ही दोघं कायम एका जीपमध्ये. तो कोऱ्हाळे बुद्रुकचा, मी सणसरचा. हा अंक काढणारे शाळेतले गुरुजी ‘तुमच्या कामातल्या गोष्टी लिहा’ म्हणून आधी त्याच्याचकडं गेले. त्यानं त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, लिहायचं ते तात्या लिहितील, त्यांना जास्त आठवतं. म्हणजे लिहितोय मी, पण लिहायला दिलंय त्यानं. मी नाहीच म्हणणार होतो. मग मनात आलं, मी नाही म्हटलं तर तो लिहील आणि ते लोकांना आवडेल.

माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्धलेखन गुरुजींनी बघावं. मजकुराला हात लावू नये.

बाहेरच्या माणसाला केबल म्हटलं की तांब्याची तार डोळ्यापुढं येते. आमची केबल काचेची. वरचं काळं प्लास्टिक सोललं, आतला चिकटा पुसला, की रंगीत दोऱ्यासारख्या काचा निघतात, एकेक केसाएवढी. त्या काचेतून उजेड पळतो आणि उजेडाबरोबर तुमचं फोनवरचं बोलणं, बँकेचं काम, पोरांचे सिनेमे, सगळं पळतं. पाइपलाइन खोदताना कुणाचा तरी जेसीबी त्या केबलीत घुसला की गावंच्या गावं मुकी होतात. मग आम्हाला बोलावणं. तुटलेली टोकं परत एकजीव करायची, ह्याला आम्ही जॉइंट मारणं म्हणतो.

मी मूळचा चर खोदणाऱ्यांतला. जॉइंट मारणं बघून बघून शिकलो. कुणी शिकवलं नाही, त्यामुळं कुणाचे उपकारही नाहीत. ज्ञानबाला मात्र मी शिकवलं. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरतो, म्हणजे त्यातही मोठेपणा त्यालाच.

जॉइंट मारायचा म्हणजे आधी काचेवरची रंगाची साल चिमट्यानं ओढून काढायची. उघडी काच स्पिरिटच्या कापसानं पुसायची. पुसताना ती बोटांत कुईकुई वाजली पाहिजे, तर ती साफ. मग कटरवर टोक सरळ कापायचं, आरशासारखं. दोन्ही बाजूंची टोकं मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची. मशीनमध्ये दोन सुया असतात, त्यांच्यामधून ठिणगी उडते, काच वितळते आणि दोन्हीची एक होते. हे सगळं मशीनच्या छोट्या पडद्यावर मोठं करून दिसतं. शेवटी मशीन आकडा दाखवते, जोडावर उजेड किती सांडला त्याचा. माझ्या जॉइंटला ती नुसती शून्यं दाखवायची. ज्ञानबाच्या जॉइंटला शून्यांच्या मागं काहीतरी शेपूट असायचं.

काम दोघांचं. एक जॉइंट मारणार, दुसरा त्याच्या हाताशी. जॉइंट मारणाऱ्यानं काचेवरची नजर हलवायची नाही. रानात वारं असतं, नजर हलली की काच गेली, आणि मग ती सापडते ती पायाच्या तळव्यात. म्हणून मी मागं न बघता डावा हात पसरायचा. ज्ञानबा स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस त्या हातावर ठेवायचा. बोलायचं काही नाही. हात मागं, कापूस आला, पुसलं, कटर. इतकी वर्षं हे असं चाललं, की पुढं पुढं घरी जेवतानासुद्धा मी हात मागं करायचो आणि बायको त्यावर भाकरी ठेवायची.

कामापेक्षा माणसांचा त्रास जास्त. नीरेच्या कालव्याच्या खालच्या अंगाला एक म्हातारे बागायतदार होते. त्यांची खात्री झालेली, की आमच्या केबलीमुळं त्यांच्या मोटारीचा दाब कमी येतो. आमची केबल त्यांच्या मोटारीची वीज ओढते, असं त्यांचं म्हणणं. केबल तुटली ती त्यांच्याच उसात, आणि ते काठी आडवी धरून बांधावर बसले. मी त्यांना नीट समजावून सांगितलं, की ह्यात वीज नसतेच, नुसता उजेड असतो. त्यांना ते पटेना. मी परत सांगितलं. माझा आवाज जरा चढला असेल. ते म्हणाले, पोलिसांना घेऊन ये. ज्ञानबा पुढं झाला, तुटलेल्या केबलीचं टोक त्यानं म्हाताऱ्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, “आबा, धरून बघा. झिणझिण्या आल्या तर आमी आल्या पावली जातो.”

म्हाताऱ्यानं धरलं. थोडा वेळ धरून ठेवलं. मग आम्हाला म्हणाला, खोदा. वर घरातनं ताक आलं. ते ताक ज्ञानबासाठी आलं होतं हे मला कळत होतं. मी पण प्यालो, पण ते माझ्यासाठी नव्हतं.

असं कायम. जॉइंट माझा, ताक त्याचं. त्याच्या आणि माझ्या, दोन्ही तालुक्यांत माझ्या हातचे जॉइंट जमिनीखाली गाडलेले आहेत, आजही त्यांतून उजेड जातो. पण त्यांवर नाव लिहायची पद्धत नाही. गावात शिरलं की लोक विचारायचे, ज्ञानबा आला का. मी जीपमधनं उतरलेला दिसायचो नाही त्यांना.

आता कऱ्हाटी. तिथं एका शेतकऱ्याच्या बांधाला केबल तुटली होती. भर उन्हाळा. झाडाचा पत्ता नाही, चारी बाजूनं रान तापलेलं. मी खड्ड्याच्या कडेला पोत्यावर बसून जॉइंट मारला, सगळ्याच्या सगळ्या काचा, एकही परत करावी लागली नाही. त्या वेळी तिथं त्या घरची एक शाळकरी पोरगी होती, एवढं मला आठवतंय. काम झालं, खड्डा बुजवला, आलो. माझ्या लेखी विषय तिथं संपला.

पुढं वय झालं, नव्या मशीन आल्या, ठेकेदारानं आम्हाला निरोपाचे नारळ दिले. दोघांना सारखेच, हे मी बघून घेतलं.

त्यानंतर दोन-चार वर्षांनी सणसरच्या चौकात कळलं, की ज्ञानबाला न्यायला बारामतीहून गाडी येते. एका कॉलेजातल्या मोठ्या प्रयोगशाळेत त्याला काच जोडायला नेतात. सांगणारा मोठ्या कौतुकानं सांगत होता. मला म्हणाला, “तात्या, तुमाला ठाऊकच असंल की.” मी म्हणालो, ठाऊक आहे. ठाऊक काहीही नव्हतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ज्याच्या जॉइंटला शेपूट, त्याला गाडी.

दुसऱ्या दिवशी एसटी धरून मी कोऱ्हाळ्याला गेलो. ज्ञानबा अंगणात मेथीची जुडी निवडत बसला होता. मला बघून त्याला आनंद झाला. त्याला सगळ्यांना बघूनच आनंद होतो.

“कुठं जातोस रं गाडीतनं?” मी उभ्या उभ्याच विचारलं.

“बसा तर खरं. बारामतीला. काच जोडायला बोलावत्यात एक मॅडम.”

“तुला?”

“व्हय. वैशाली मॅडम. कऱ्हाटीची पोरगी हाय ती. बांधावर बघत हुबी होती ना, ती. आता डॉक्टर झालीया. औषधाची न्हाय, उजेडाची.”

“कऱ्हाटीचा जॉइंट कुणी मारला होता?”

“तुमी.”

“मग?”

“मग तिला माजं नाव याद ऱ्हायलं, त्याला मी काय करू? उद्या गाडी येनार हाय. तुमी चला की संगट. माजं एकट्याचं जमंना झालंय तितं.”

मी म्हणालो, मला न बोलावता मी कुणाच्या दारात जात नाही. तो म्हणाला, मी बोलावतोय की. त्या रात्री मी कोऱ्हाळ्यातच राहिलो.

प्रयोगशाळा म्हणजे थंडगार खोली. चपला बाहेर. वैशाली मॅडम बारीक अंगाच्या, चष्मा लावलेल्या, बोलायला मोकळ्या. ज्ञानबाला बघून म्हणाल्या, या काका. मला बघून जराशा थांबल्या, मग म्हणाल्या, तुम्हीपण या. ते ‘पण’ मी लक्षात ठेवलं.

त्यांनी आम्हाला सगळं नीट सांगितलं, आणि ते सांगण्यासारखं आहे, म्हणून लिहितो.

त्यांच्याकडची काच आमच्या काचेसारखीच केसाएवढी, पण भरीव नाही. तिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन लांब पोकळ्या. मॅडमनी तिचा कापलेला तोंडवळा पडद्यावर मोठा करून दाखवला. बैलगाडीच्या चाकासारखं दिसतं. मधे बारीक तुंबा, त्याला तीन आरे, आणि आऱ्यांच्या मधे मोकळी जागा. उजेड त्या तुंब्यातून पळतो, पण तुंबा इतका बारीक की थोडा उजेड बाहेर, मोकळ्या जागेत सांडतो. तिथं जे भरलेलं असेल, त्याला तो शिवून जातो.

आमच्या धंद्यात काचेला भोक म्हणजे माल बाद. इथं भोकं मुद्दाम ठेवलेली, आणि अशी काच डबीत, डबी कपाटात, कपाटाला कुलूप. खरं सांगतो, मला त्या काचेचासुद्धा हेवा वाटला.

आता भोकांचा उपयोग. गाईला दगडी होते हे शेतकऱ्याला माहीत आहे. कास सुजते, दुधात गुठळ्या येतात, सड कायमचा जातो. पण कास सुजायच्या आधीच दुधात एक प्रकारचं प्रथिन वाढायला लागलेलं असतं. ते डोळ्याला दिसत नाही, जिभेला कळत नाही. मॅडम त्या पोकळ्यांना आतून असा एक लेप देतात, की तो तेवढंच प्रथिन धरून ठेवतो, बाकी सगळं जाऊ देतो. गोठ्यात वीस गाई असल्या तरी वासरू सोडलं की आपल्याच आईला जाऊन लुचतं, तसं ते. साय काढलेलं, पातळ केलेलं दूध त्या काचेच्या टोकाला लावायचं. एक थेंब. भोकं इतकी बारीक, की दूध आपोआप आत चढतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. मागची हवा निघायला बाजूला एक भोक पाडून आणलेलं, आपल्या पाइपलाइनीला हवेचा कॉक असतो त्यातला प्रकार. मग पाठोपाठ एक चमकणारा रंग आत सोडायचा. तो रंग धरलेल्या प्रथिनालाच चिकटतो. उजेड सोडला की रंग चमकतो, ती चमक काचेतून परत येते आणि मशीनवर आकडा वर जातो. प्रथिन नसेल तर धुतल्यावर रंग वाहून जातो, चमकायला कुणी राहत नाही.

मॅडमच्या वडिलांच्या गाईचा एक सड असाच गेला होता, चांगल्या दुधाळ गाईचा. तेव्हापासून त्यांनी हे डोक्यात घेतलेलं.

अडलं होतं ते एका ठिकाणी. उजेड आत सोडायला ही पोकळ काच आपल्या साध्या भरीव काचेला जोडावी लागते. नेहमीसारखी ठिणगी दिली की पोकळ्यांची तोंडं वितळून मिटतात, तुंबा मोडतो, उजेड पुढं जात नाही. ठिणगी कमी किती करायची आणि ती भरीव काचेच्या अंगाला किती सरकवायची, ते आकडे मॅडमना माहीत होते, त्यांनी ते मशीनमध्ये भरून ठेवले होते. त्यात आम्हाला शिकवण्यासारखं काही नव्हतं. राहिला होता तो हात. कमी ठिणगीचा जॉइंट नाजूक, मशीनमधून उचलतानाच मोडायचा.

ज्ञानबा बसला. मी मागच्या स्टुलावर. त्यानं जॉइंट मारला, उचलला, मोडला. परत मारला, परत मोडला. मी हात मांड्यांखाली दाबून धरले होते. तो काच उचलताना मनगट वळवतो. मी त्याला हे जीपमध्ये, रानात, पावसात, सगळीकडं सांगितलेलं आहे. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मला बरं वाटत होतं.

मग ज्ञानबा खुर्चीतनं उठला आणि म्हणाला, “मॅडम, तात्यांना बसू द्या. त्यांचा हात माज्यापेक्षा बरा हाय. मी त्यांच्याकडनंच शिकलोय.”

बघा, माझा हात बरा आहे हेसुद्धा ज्ञानबानं सांगायचं. मॅडमनी खिडकीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाल्या, “बसा काका.”

सरावाची काच घेतली. लेप नसलेली. साल काढली, कापली, ठेवली, ठिणगी, उचलली. राहिली. दुसरी केली, तीपण राहिली. मॅडमनी उजेड सोडून बघितला, पलीकडं निघाला. त्या हसल्या आणि ज्ञानबाला म्हणाल्या, “काका, बरं झालं तुम्ही ह्यांना आणलं.” ह्यांना आणलं. मी तिथं बसलेलो होतो.

मग त्यांनी लेप दिलेला तुकडा काढला. एका तुकड्याला लेप द्यायला त्यांचा आठवडा जातो, रोज थोडं थोडं करून. तो देताना त्यांनी बजावलं, की ह्याला ओलं काही लावायचं नाही. उघड्या टोकाला ओलं लागलं की ते आत चढणार, आणि स्पिरिट आत गेलं तर लेप नासणार, दुधात लिंबू पडावं तसा. मी ऐकलं. मला ऐकायला येतं.

बसलो. साल काढली. काच फार सुंदर निघाली. नजर तिच्यावर. डावा हात मागं गेला. त्याला मी जा म्हणालो नव्हतो. हातावर कापूस आला. मी पुसलं, टोकापर्यंत. काच कुईकुई वाजली.

तो आवाज झाला आणि मॅडम उठून उभ्या राहिल्या. त्यांनी काच माझ्या हातून घेऊन मशीनमध्ये धरली, पडद्यावर दिसत होतं, तिन्ही पोकळ्यांतून ओल वर सरकत चाललेली. थांबवायला काही उपाय नव्हता.

ज्ञानबा पुढं झाला. “मॅडम, चूक माजी हाय. कापूस मी भिजवून दिला. तात्या मागं बघत न्हाईत, त्यांना काय ठाऊक ओला का कोरडा. देणाऱ्यानं बघायला पायजे हुतं.”

मॅडमनी त्याच्याकडं ज्या नजरेनं बघितलं, त्यात राग नव्हता. ते ताकाचं बघणं होतं. मी आयुष्यभर बघितलेलं. चूक केली मी, आणि तिच्यावरसुद्धा माया त्याच्या पदरात. माझे जॉइंट त्याच्या नावावर गेले ते मी सोसलं. माझी चूकही त्याच्या नावावर जायला लागल्यावर मला राहवलं नाही.

“त्यानं दिला, पन पुसलं मी,” मी म्हणालो. “मॅडमनी मला सांगितलं हुतं. ओला कापूस बोटाला कळतो, मला कळला न्हाय. चूक माजी हाय. ती ह्याला देऊ नका.”

“तात्या, हात तुमचा पन कापूस माजा—”

“तू गप. सगळं तूच घेतोस.”

“घ्या मग तुमी,” ज्ञानबा म्हणाला. “तुमची तर तुमची.”

मॅडमनी नासलेला तुकडा बाजूला काढून ठेवला. मग म्हणाल्या, की पुढच्या तुकड्याला लेप द्यायला आठवडा लागेल, तुम्ही दोघंही या. दोघंही म्हणाल्या, ‘पण’ नाही म्हणाल्या.

परतीच्या गाडीत बारामती मागं पडल्यावर ज्ञानबा म्हणाला, की तुमचा हात मागं आला आणि माझा हात बाटलीकडं गेला, दोन्ही हात बिनडोक. मी हसलो नाही. घरी गेल्यावर हसलो.

आठवड्यानं परत गेलो. टेबलाशी बसायच्या आधी ज्ञानबानं स्पिरिटची बाटली उचलली, स्वतःच्या मांडीवर घेतली आणि तिच्यावर हात ठेवून बसला, एसटीत बायका पिशवी धरून बसतात तसा. मी साल काढली. हात मागं गेलाच. त्यावर कापूस आला. कोरडा. मी पुसलं, काच वाजली नाही, मला ते जरा अपुरं वाटलं. कापली, ठेवली, ठिणगी, उचलली. राहिली.

मॅडमनी वडिलांच्या गोठ्यातलं दूध आणलं होतं, दोन गाईंचं, दोन बाटल्यांत. दोन्ही पांढरं, दोन्ही चांगलं, मला वास घ्यायला दिलं तर मला काही फरक कळला नाही. पहिल्या गाईचं दूध काचेला चढवलं, रंग सोडला, धुतलं. आकडा होता तिथंच. मग दुसरीचं चढवलं. तसंच रंग सोडून धुतलं. आकडा हलला. वर गेला आणि वरच राहिला. मॅडमनी परत धुतलं, तरी तिथंच. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत लावला, परत आकडा बघितला.

मग कऱ्हाटीला वडिलांना फोन लावला. “आबा, चंद्रीला बाजूला बांधा. तिचं शेवटी पिळा, आणि दूध वेगळं ठेवा. आणि आजच्या आज गुरांच्या डॉक्टरांना बोलवा. नाही, सुजली नाही अजून, पण सुजणार आहे... हो, इथंच आहेत. ज्ञानदेवकाका आहेत समोर.”

पलीकडनं म्हातारा काहीतरी बोलला, ज्ञानबाला राम राम सांगा म्हणाला असणार. मॅडमनी तो सांगितला. ज्ञानबानं हात जोडून घेतला.

तिथं माझं तोंड सुटलं. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं.

“मॅडम, एक सांगायचं हाय,” मी म्हणालो. “कऱ्हाटीच्या बांधावरचा जॉइंट मी मारला हुता. ह्यानं न्हाय.”

“माहीत आहे मला,” त्या म्हणाल्या.

“ठाऊक हुतं?”

“मी तिथंच होते काका. पोत्यावर तुम्ही बसला होता.”

“मग बोलावलं ह्याला कसं?”

“मी बघायला जवळ आले होते. तुम्ही वर न बघता म्हणालात, ‘ए पोरी, सावली पडतीया, हो तिकडं.’ मी गेले लांब. मग ज्ञानदेवकाकांनी मला पलीकडच्या बाजूनं आणलं आणि पडदा दाखवला. दोन टोकं एकमेकांजवळ आली, उजेड झाला, आणि मधली रेघ गेली. ती टोकं तुमची होती, ते माहीत आहे. पण मला दाखवली त्यांनी.”

ज्ञानबा मांडीवरच्या बाटलीकडं बघत होता. मी मनात परत त्या बांधावर जाऊन बसलो, पोतं, खड्डा, काच, आणि काचेवर आलेली काळी पट्टी.

“सावली पडत हुती,” मी म्हणालो.

“पडत हुती,” ज्ञानबा म्हणाला. “ऊन पाठीमागनं हुतं.”

तेवढं तरी त्यानं माझ्या बाजूनं सांगितलं.

मॅडमनी टेबलावरचा दिवा उचलला, माझ्या उजव्या अंगाला होता तो डाव्या अंगाला आणून ठेवला, दिव्याची मान थोडी वाकडी केली, आणि माझ्या उजव्या खांद्याशी येऊन उभ्या राहिल्या.

“आता पडते का?”

मी काचेवर बघितलं. “आता न्हाय.”

“मग अजून एक तुकडा आहे, तो घ्या,” त्या म्हणाल्या. “त्या वेळी जवळनं बघायचं राहिलं होतं.”

मी साल काढली. कशासाठी काय करतोय ते तोंडानं सांगत गेलो, सांगायची सवय नसल्यामुळं अडखळत. डावा हात मागं केला. कापूस आला, कोरडा. मागं मी बघितलं नाही.